साहेब, ब्रेक दाबा

इचोडा, ९ नोव्हेंबर

मा. पंच, प्रकाशव्यवस्था विभाग, यांस,

संघपाल, वरची ओळ क्लबच्या शिपायासाठी आहे, तिच्यावर भाळू नकोस. तुमच्या मोटार क्लबच्या नियमांत लिहिलंय की भाग घेणाऱ्याने पोस्टाने शंका विचारली तर त्या विभागाच्या पंचाने लेखी उत्तर द्यायलाच पाहिजे. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं सामसूम. म्हणून आजपासून मी तुझी बहीण नाही, स्पर्धक आहे. दे उत्तर.

बाबांनी नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जीपचं नाव पुन्हा दिलंय. हो, तीच जीप. नोकरीभर ड्रायव्हर म्हणून जिचं स्टिअरिंग धरलं आणि सरकारने लिलावात काढली तेव्हा हट्टाने स्वतः घेतली ती. तीन वर्षांपूर्वी तिच्यातून आपलं अख्खं गणगोत नागपूरला आलं, कारण ‘माहा पोरगा पंच झाला’ हे बाबा नार्नूरपर्यंत सांगून आले होते. तू लाइटचे गुण कापलेस. घरी आल्यावर बाबांनी तुला फोनवर सांगितलं, या घराची पायरी चढू नको. तू खरंच चढला नाहीस. दोघांच्याही हट्टाला माझा कोपरापासून नमस्कार. मधल्या मधे आई आणि मी.

आता नीट ऐक. बाबांचं लायसन मार्चमध्ये संपतंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डावा डोळा म्हणावा तसा सुधारला नाही. पुढे लायसन मिळणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे नागपूरपर्यंत स्वतः चालवत येण्याची ही शेवटची खेप. या खेपेला तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोलावं, एवढंच मला पाहिजे. बक्षीस गेलं खड्ड्यात. मी लिहिते आहे हे बाबांना माहीत नाही, आणि तू सांगायला येणार नाहीस, त्यामुळे ती काळजी नाही.

तर शंका अशी: मागचे तिन्ही दिवे एकाच कारणाने गेले असतील, तर दोष एक धरायचा की तीन?

आपली विश्वासू (म्हणायची पद्धत आहे),
दीक्षा


इचोडा, २१ नोव्हेंबर

संघपाल,

उत्तर मिळालं. क्लबच्या कागदावर, टाइप केलेलं. ‘पंच कारण तपासत नाही. जो दिवा लागत नाही त्याचे गुण जातात. तीन दिवे, तीन दोष. दिवा मंद लागला तर अर्धे गुण. स्विच मालकाने चालवायचे, पंच हात लावत नाही. तपासणी सुरू झाल्यावर पाना-पकड चालणार नाही.’ खाली सही. ‘कशी आहेस’ हे विचारणं नियमात बसत नसावं.

पाकीट मी तहसीलच्या ऑफिसातून येता येता पोस्टातून घेतलं, तर आई दारातच उभी. म्हणे, ‘काय लिवलं त्यानं?’ मी म्हटलं, मागच्या दिव्यांचं लिहिलंय. ‘वाच न मंग.’ वाचलं. ‘अजून एकडाव वाच.’ पुन्हा वाचलं. तिला त्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण ‘मंद लागला तर अर्धे गुण’ इथे तिने समाधानाने मान हलवली. मग म्हणाली, ‘चांगलं लिवते नाई थो? एकबी गोष्ट जास्तीची नाई.’ मला हसावं की कागद फाडावा कळेना. फाडायच्या आत तिने तो हातातून घेतला आणि लुगड्यांच्या घडीत नेऊन ठेवला.

उत्तर मला पटलेलं नाही. त्या वेळी काय झालं होतं ते तुला जागेवरच कळलं असणार, पॉलिटेक्निकात पोरांना तेच तर शिकवतोस. मेळाव्याला न्यायची म्हणून बाबांनी जीपला रंग दिला होता. दिवे खोलले, आणि ज्या पत्र्यावर दिवे बसतात तिथेसुद्धा रंगाचे दोन-दोन हात मारले. वर दिवा बसल्यावर तो पत्रा जन्मात कोणाला दिसणार नव्हता. पण आतमध्ये बिनरंगाचं ठेवणं त्यांना कसंतरी वाटलं, आंधळं काम वाटलं. झालं, दिव्याचा धातू पत्र्याला टेकेना, अर्थिंग मिळेना, दिवे लागेनात. सगळे दिवे गेले ते जास्त माया केली म्हणून. याचे तुम्ही तीन दोष लावता? पुस्तकात बसतं, ठीक आहे. तू तरी पुस्तकाच्या जरा बाहेर बस.

हल्ली बाबा रोज सकाळी सँडपेपर घेऊन त्याच पत्र्यावर घासत बसतात. आईने विचारलं की म्हणतात, गंज काढून राह्यलो. रंग काढतोय असं म्हणवत नाही.

पुढची शंका. एक: हेडलाइटच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असेल तर? दोन: नवा एलईडी बल्ब टाकला तर? दुसरी शंका माझी नाही. इथल्या हायवेवरच्या स्पेअरपार्टवाल्याने बाबांना दोन बल्ब आग्रहाने दिलेत. म्हणाला, ‘चाचा, ये लगाओ, रात में दिन निकल आएगा.’ बाबांनी ते खिशात ठेवलेत आणि तोंडावर अजून काही येऊ दिलेलं नाही.

आणि तिसरी शंका, तू जेवतोस का वेळेवर? ही आईची आहे. हिला लेखी उत्तर बंधनकारक आहे की नाही ते मला माहीत नाही.

दीक्षा


इचोडा, ८ डिसेंबर

संघपाल,

‘एलईडी कितीही प्रखर लागला तरी त्या काळचा नाही, पूर्ण गुण जातील. काळा अर्धा भाग कारखान्यातून आलेला नाही, म्हणून दोष. तिसऱ्या शंकेचं उत्तर, होय.’

होय! हे तुझं ‘होय’ घेऊन आई दिवसभर घरात फिरत होती. शेजारच्या बयनाबाईला बोलावून दाखवलं. एवढ्याशा शब्दावर माणूस दिवस काढतं हे तुला दिसायला पाहिजे होतं. मी तर चिडून तहसीलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांवर ओरडले. एका म्हाताऱ्याची दरखास्त उलटी वाचली आणि त्यालाच म्हटलं, नीट लिहीत जा. तुमच्या दोघांपायी माझं डोकं ठिकाणावर नाही. ऑफिसात असले की घरी काय चाललंय वाटतं, घरी असले की नागपूरला काय चाललं असेल. भाजीत दोनदा मीठ पडतं.

एलईडी बाबांनी परत देऊन टाकले. काळ्या रंगाचं मात्र ऐकत नाहीत. समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून तेव्हा सगळे काळं करत, तसं केल्याशिवाय गाडी पास होत नसे. मी म्हटलं, बाबा, गुण जातात, ब्लेडने खरवडून टाकू. तर म्हणाले, ‘जाऊ दे गुन. कारखान्यातून आली तवा ते रोडवर चालली नोती. चालवली म्या. मी चालवली तवा ते अशीच होती.’ आता याला तुमच्या पुस्तकात काय कलम आहे ते शोध. मला तर बाबांचं बरोबर वाटतं आणि तुझंही बरोबर वाटतं, आणि त्याचाच संताप येतो.

काल बाबा जीपपाशी बसल्या बसल्या एक बोलले. ते क्लबच्या पत्त्यावर लिहिण्यासारखं नाही. उद्या तुझ्या खोलीच्या पत्त्यावर वेगळं पाठवते. शिपायाने फोडू नये असं आहे.

दीक्षा


इचोडा, ९ डिसेंबर

संघपाल,

या पत्रात शंका नाही.

परवा संध्याकाळी बाबा मागचा डावा दिवा बसवत होते, मी स्क्रू धरून उभी होते. ब्रेक दाबल्यावर दिवा लागला, छान लाल. ते खूश झाले, म्हणून मला वाटलं हीच वेळ. मी म्हटलं, बघा, एवढंसं काम होतं. चार गुणांसाठी पोराला तोडलंत तुम्ही.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या घरची आहे. म्हणाले, ‘गुनाचं तुले कोनं सांगतलं?’

मी म्हटलं, मग कशाचं?

‘लाइट लागले नाई त त्यानं लिवलं. त्याचं कामच हाय थे. नसतं लिवलं त मी रागावलो असतो. काऊन नाई लिवलं मनून.’

मग पान्याला चिंधी गुंडाळत बसले. मला वाटलं संपलं. पण बोलले.

‘थो मोठा पंच हाय न, माणिकराव? थो परतेक गाडीपाशी थांबते अन् मोठ्यानं इचारते, या गाडीशी, मालकाशी कोन्या पंचाचं नातं हाय का, असन त बाजूले व्हा. माह्या गाडीपाशीबी इचारलं. मी स्टेरिंगवर बसून. संघपाल माह्या समोर, इतक्या जवळ. मले वाटलं आता बोलन. बाजूले होईन, दुसरा पाहीन माही गाडी. काय हरकत हाय? पन थो काईच बोलला नाई. खाली पाह्यलं त्यानं. मंग मांगं गेला दिव्यापाशी अन् मनते, साहेब, ब्रेक दाबा.’

बाबांनी चिंधी सोडून पुन्हा गुंडाळली.

‘मले साहेब म्हटलं त्यानं, दीक्षा. याच गाडीत म्या जिंदगीभर साहेब बसवले. मी कोनाचा साहेब नाई. त्याचा त मी बाप होतो.’

मग उठले. दिवा पुसला आणि आत गेले.

तेव्हा मी दोरीच्या पलीकडे होते, जेवणाचे डबे सांभाळत. मला ऐकू आलं नव्हतं. आम्ही सगळे समजलो गुणांचं आहे. बाबांनी ते तसंच समजू दिलं. तीन वर्षं आम्ही त्यांना खडूस म्हणत आलो आणि त्यांनी ऐकून घेतलं, पण तुझी मान खाली जाईल असं कोणाला काही सांगितलं नाही.

लाज वाटली ना? मला खरं सांग. जीपमधून आम्ही दहा-बारा जण उतरलो होतो. रेणुकाबाई आत्या भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन, पोरं अनवाणी, बाबांच्या खांद्यावर निळा गमछा. आणि तुझ्या आजूबाजूला कोट घातलेली माणसं, ज्यांच्या आजोबांनी गाड्या विकत घेतल्या होत्या, चालवायला माणूस ठेवला होता. तुला वाटलं, आत्ता बोललो तर हे सगळे वळून बघतील. म्हणून बापाला साहेब केलंस.

मला तुझा इतका राग आलाय की अक्षर बघ कसं आलंय. तू समोर असतास तर मी मारलं असतं तुला, मोठा असलास तरी.

दीक्षा


इचोडा, २८ डिसेंबर

संघपाल,

तुझं पत्र मिळालं. या वेळी हाताने लिहिलेलं, वहीच्या पानावर. ‘तो माझा पंच म्हणून पहिलाच दिवस होता. नातं सांगितलं असतं तर बाजूला व्हावं लागलं असतं. आता सांगतो, मग सांगतो म्हणता वेळ निघून गेली. तू लिहिलंस तेही खरं आहे. बाबांना कोणतं तोंड दाखवू?’

पहिली तीन वाक्यं मी वाचली आणि मनात म्हटलं, वकील हो. चौथ्यावर थांबले. तू ते लिहिलंस याबद्दल तुला मार माफ. पण आईला हे पत्र वाचून दाखवलेलं नाही. तिला म्हटलं, दिव्यांचंच लिहिलंय. ती म्हणाली, ‘एवढं हातानं?’ तिला फसवणं सोपं नाही.

पाचव्या वाक्याचं तुझं तू बघ. पण एक सांगते, ते आधी ऐक. मी बाबांना म्हटलं, आपण नाव मागे घेऊ. थंडी आहे, डोळा आहे, हायवेवर ट्रक असे येतात. ते म्हणाले, ‘जातो मी.’ मी म्हटलं, कशाला, बक्षीस थोडीच मिळणार आहे त्या काळ्या हेडलाइटला? तर म्हणाले, ‘बक्षीस कोनाले पाह्यजे? इचारू दे माणिकरावले अजून एकडाव.’

कळलं का? बाबा मेळाव्याला येत नाहीत, तो प्रश्न पुन्हा ऐकायला येतायत. त्याच जागी बसून, तूच समोर असताना. आणि या वेळीही तू खाली बघितलंस तर? तो माणूस परतीच्या रस्त्यावर गाडी कशी चालवेल? शेजारी मी बसणार आहे. मला त्या विचाराने जेवण जात नाही. कामावर बसवत नाही. काल तलमडुगूच्या बसमध्ये बसले आणि निम्म्या वाटेत आठवलं की मला तलमडुगूला जायचंच नव्हतं.

म्हणून माझी एक विनंती, आणि ही स्पर्धक म्हणून नाही. तुला बोलायला जमणार नसेल तर त्या रविवारी येऊ नकोस. आजारी पड. ताप आला म्हण, काही कर. तू आला नाहीस तर बाबा म्हणतील, नशिबात नव्हतं, आणि परत येतील. पण येऊन गप्प उभा राहू नकोस. ते त्यांना या वयात झेपणार नाही.

काय बोलायचं ते मी सांगणार नाही. मी शिकवलेलं तू बोललास तर त्याला काडीचा अर्थ नाही.

दीक्षा


इचोडा, १२ जानेवारी

दादा,

तू लांब पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पाठ करून उभा होतास, नियमच आहे तसा, म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहिते.

तुला मैदानावर बघितलं. म्हटलं, आला, म्हणजे एक तर बोलेल नाही तर सत्यानाश करेल. या वेळी मी दोरीला चिकटून उभी होते, डबे आईला दिले होते. बाबा ड्रायव्हरच्या जागी, गमछा खांद्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. माणिकरावांनी विचारलं. आणि तू लगेच बोललाच नाहीस! तेवढ्या वेळात मी दोरी इतकी ओढली की एक खुंटी उपटून आली.

मग तू म्हणालास, ‘माहं हाय.’ माणिकरावांना वाटलं तुला काही हवंय. तर तू मोठ्याने, त्या सगळ्या कोटवाल्यांच्या मधोमध, घरात बोलतो तसं म्हणालास, ‘माहे बाबा हायेत थे. मले नाई पाह्यता येत थ्यांची गाडी.’ मला वाटलं होतं तू पुस्तकातलं काही बोलशील, ‘हे माझे वडील आहेत’ वगैरे. मी तिथेच रडले. शेजारच्या एका बाईने विचारलं, तुमची गाडी बाद झाली का? मी हो म्हटलं.

माणिकराव म्हणाले, मग बाजूला व्हा, आणि तू गेलास. जाताना तू बाबांकडे बघितलंस का, ते मला डोळ्यांत पाणी असल्यामुळे दिसलं नाही. हे तूच सांगायचं आहे.

तुझ्या जागी त्या सुनयना मॅडम आल्या. पार्किंग म्हणाल्या, लागले. डिम, फुल, लागले. इंडिकेटर लागले. मागे गेल्या, ‘काका, ब्रेक.’ बाबांनी असा ब्रेक दाबला की मला वाटलं पाय जमिनीत जाईल. तिन्ही दिवे लागले, एकही मंद नाही. आणि मग नंबर प्लेटवरचा दिवा लागला नाही. तो आमच्यापैकी कोणाला आठवलाच नव्हता. मॅडम अवघडल्या, म्हणाल्या, ‘काका, हा लागत नाही. आणि हेडलाइटवरचा काळा रंगही दोषात जातो.’ लोक अशा वेळी वाद घालतात, त्या तयारीतच होत्या. बाबा म्हणाले, ‘हाय न दोष. लिवा, लिवा.’ आणि हसत होते. दात दिसत होते, दादा. मॅडमनी गोंधळून दोनदा विचारलं, तुम्हाला समजलं ना?

तुला भेटायला मी बाबांना ओढत होते. ते येईनात. म्हणाले, ‘त्याले अजून लय गाड्या पाह्याच्या हायेत. मधात जाऊन त्याची पंचाईत नोको करू.’ दुपारीच निघालो. मला तुझा राग आला, त्यांचा आला, स्वतःचा आला. एवढं झाल्यावर दोन माणसं एकमेकांशी एक शब्द न बोलता कशी राहू शकतात?

पांढरकवड्याला चहाला थांबलो, तर शेजारच्या ट्रकवाल्याला आपण होऊन म्हणाले, ‘मेरा लड़का जज है उधर, गाड़ियों का.’ तो म्हणाला, फिर तो आपको इनाम मिला होगा. बाबा म्हणाले, ‘नहीं. उसको मेरी गाड़ी चेक करना मना है.’ ट्रकवाल्याला काही कळलं नाही. बाबांना कोण आनंद झाला.

इचोड्यात शिरलो तर घरी न वळवता जीप चंपतरावांच्या चहाच्या टपरीपुढे उभी केली. चंपतरावांनी विचारलं, ‘काय मोतीरामजी, भेटलं काई?’

‘नाई. नंबर प्लेटचा लाइट नाई लागला.’

‘अन् पोरगा पंच असून?’

बाबा याच प्रश्नाची वाट बघत होते. ‘थेच त सांगून राह्यलो. त्याले माही गाडी पाह्यताच येत नाई. माणिकरावनं सगळ्यासमोर त्याले बाजूले केलं.’

‘काऊन बा?’

‘मी त्याचा बाप हाव न.’

टपरीवर आणखी दोघं आले, त्यांनाही सांगितलं. बयनाबाईचा नवरा सायकलवरून चालला होता, त्याला थांबवून सांगितलं. चहा गार झाला. आई मागच्या सीटवर रिकामे डबे मांडीवर घेऊन सगळं ऐकत होती, तिने मला एकदाही घाई कर म्हटलं नाही.

घरी उतरल्यावर तिने बाबांना विचारलं, ‘मंग येते कदी थो घरी?’

बाबा चावी खिशात टाकत म्हणाले, ‘मले काय इचारतं? घर त्याचं हाय.’

दीक्षा